शिवेवरच्या काट्या आणि एक कुंची

गेल्या वर्षी मुळशीतल्या एका गावानं भैरवनाथाच्या उत्सवात मला बोलावून शाल आणि नारळ दिला. म्हातारपणी असे नारळ मिळतात, मी घेतो. पण त्या दिवशी माझ्या आधी एक तरणा पुढारी माईकवर उभा राहिला आणि त्यानं गावाची जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी ओढ्यापलीकडं देवीची साथ आली, तेव्हा इथल्या पोलीस पाटलांनी गावाची शीव बंद केली, सख्ख्या जावयाला आत घेतलं नाही, आणि शेवटी स्वतःचा नातू देवीला देऊन गाव वाचवलं. टाळ्या पडल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी अंगावरची शाल काढली आणि घडी घालून मांडीवर ठेवली. शेजारच्याला वाटलं, उकडत असेल.

नातू कुणी देवीला दिला नव्हता. तो कसा गेला हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिथं होतो आणि थर्मास माझ्या हातात होता. माईकवर माझी पाळी आली तेव्हा मी आभार मानून खाली बसलो. तोंड उघडायची हिंमत तेव्हाही झाली नाही. घरी येऊन दोन दिवस जेवण गेलं नाही, मग ठरवलं की लिहायचं. या अंकाच्या संपादकांनी खरं तर नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. त्या असतील तेवढ्या आधी सांगून टाकतो.

मी देवी टोचणारा. सरकारी कागदावर व्हॅक्सिनेटर, गावात देवीवाला, आणि पोरांच्यात टोच्या. मी वेशीतून आत येताना दिसलो की ‘टोच्या आला’ म्हणून ओरड व्हायची आणि सगळी पोरं कणगीमागं नाहीतर माळ्यावर. आमचा घरचा धंदा शिंप्याचा, पौडच्या बाजारात वडलांचं मशीन होतं. मला ही नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले, शिंप्याच्या पोराला सरकारनंही सुईच दिली. वास्तविक ती सुई नव्हती. एका छोट्या दांड्याच्या टोकाला दातेरी चकती असायची. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबून फिरवायची, कातडी नुसती खरवडायची, रक्त वाहता कामा नये. असं दोन जागी. आठव्या दिवशी तिथं फोड उठला तर देवी लागू पडल्या, नाहीतर पुन्हा टोचायचं. ज्यांच्या दंडावर आज ते दोन वाटोळे वण आहेत, त्यांतले काही माझ्या हातचे असतील.

लस बर्फाच्या थर्मासात पुण्याहून एसटीनं पौडला यायची आणि तिथून माझ्या सायकलच्या हँडलला लटकायची. बर्फ वितळला की लस मेली. दिसायला तशीच, पण तिच्यात जीव नाही. उन्हाळ्यात मारुंजीपासून टोचत निघालो की चांद्याला पोचेपर्यंत थर्मासात पाणी झालेलं असायचं, मग सगळा दिवस फुकट. दुसरी कटकट आयांची. मी पाठ फिरवली की त्या पदरानं पोराचा दंड पुसून मोकळ्या व्हायच्या. म्हणून थेंब वाळेपर्यंत मी उठायचोच नाही, पोराचा हात धरून भाताच्या रोपांची चौकशी करत बसायचो. एका म्हातारीनं अट घातली, आधी माझ्या म्हशीला टोच, ती जगली तर मी टोचून घेईन. मी लस वाया घालवली नाही, म्हशीच्या पुठ्ठ्यावर नुसती चकती फिरवली. आठ दिवसांनी गेलो तर म्हातारी दोन्ही दंड उघडे करून ओट्यावर तयार. झाल्या गमती.

आता त्या गावाकडं येतो. दोन गावं, मधे ओढा. नावं लिहीत नाही, कारण त्या लोकांची पतवंडं तिथं नांदतायत, ओढ्यावर आता मोठा पूल आहे आणि त्यावरून हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या पळतात. मी आपलं अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव म्हणेन. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर मरीआईचा शेंदूर लावलेला दगड होता. तो दोन्ही गावांचा. पलीकडचे लोक ओढा उतरून तिथं नारळ-खण ठेवायचे आणि परत जायचे, अलीकडचे तो प्रसाद म्हणून उचलायचे. ही रीत कधीपासूनची ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण कुणी कधी मोडली नव्हती.

त्या साली, मी नोकरीत चांगला मुरलो होतो तेव्हाची गोष्ट, पलीकडच्या गावात देवी आल्या. मी गेलो तेव्हा चार घरांच्या दारांवर कडुनिंबाचे डहाळे लागले होते. ज्या घरात देवीचा रोगी असे, त्या घरात लोक देवळात वागावं तसं वागत. चप्पल बाहेर, फोडणी बंद, आणि आजारी पोराला हात जोडत, कारण त्यांच्या लेखी त्या पोराच्या अंगात प्रत्यक्ष देवी बसलेली असे. रोग्याला टोचून उपयोग नसतो, म्हणून मी त्याच्या घरच्यांना आणि शेजारच्यांना टोचत होतो.

त्यातलं एक घर चंद्राचं. तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा केळीच्या पानावर निजला होता, अंगभर फोड. त्याच्या उशाशी एक कुंची घडी घालून ठेवली होती. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं डोकं आणि पाठ झाकणारी टोपी. आमच्या घरात शिवणकामच पाहिलेलं, त्यामुळं माझं लक्ष आपोआप तिकडं गेलं. जांभळ्या खणाची होती, आणि खण कमी पडला म्हणून मागं हिरवी पट्टी जोडून तिला उलटी शिवण घातली होती. मी विचारलं, हे इथं कशाला? चंद्रा म्हणाली, तिच्या भावाला ओढ्यापलीकडं सासुरवाडीत मुलगा झालाय, ती आत्या, बारशाला कुंची तिनंच द्यायची. घरात देवी आल्याच आहेत तर त्यांच्या उशाशी ठेवली, बाळावर कृपा राहील. मी तिला बजावलं की ही आधी उकळत्या पाण्यातून काढ. तिनं ‘व्हय’ म्हटलं. उकळल्यावर खणाचा रंग जातो हे मला शिंप्याच्या पोराला कळायला हवं होतं. कुठली बाई नवा खण उकळेल? पण मी पुढच्या घराकडं वळलो.

चंद्राचा भाऊ ज्या घरचा जावई, ते घर अलीकडच्या गावातल्या पोलीस पाटलांचं. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांची एकुलती लेक गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मुलगा होऊन आठ दिवस झाले होते. तात्या अडाणी नव्हते, उगाच तसं कुणी समजू नये. गोदा लहान असताना माझ्या आधीच्या माणसाकडून त्यांनी तिला चावडीवर, सगळ्या गावासमोर टोचून घेतलं होतं, गावाची भीती मोडावी म्हणून. असा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवनाथाच्या देवळात गाव जमलं. सभामंडप भरला होता, बायका बाहेर पारावर. मी सांगितलं की आजच्या आज सगळ्या गावाला टोचतो, तान्ह्यांना सर्वांत आधी, कारण त्यांच्या अंगात रोगाशी लढायला काहीच नसतं. मग सुरू झालं. एक म्हणाला, देवी शेजारी आलेली असताना टोचलं तर तिला खिजवल्यासारखं होतं. दुसरा म्हणाला, पलीकडं ज्यांना टोचलं त्यांतला एक तापानं फणफणलाच की. मी समजावलं की त्याच्या अंगात रोग आधीच शिरला होता, लस उशिरा पोचली. कुणी ऐकेना. तिसऱ्यानं तर सरळ माझ्याकडं बोट दाखवलं, हाच पलीकडं घरोघर फिरून आलाय, देवी हाच घेऊन येणार. एकजण म्हणाला, लस वासराच्या अंगातून काढतात, ती आमच्या अंगात नको. कुणाला काय वाटेल ते बोलत होतं आणि माझा थर्मास तिथं उन्हात तापत होता.

शेवटी तात्या उठले. त्यांनी शीव बंद केल्याचं जाहीर केलं. गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या टाकायच्या, दोघं लाठी घेऊन बसवायचे, पलीकडचं माणूस आत यायचं नाही, इथलं तिकडं जायचं नाही. गावानं माना डोलावल्या. मग ते माझ्याकडं वळले.

“देवीवाले, आमी तुमचं ऐकतो, तुमी आमचं ऐका. थोरांना टोचा. मांडीवरची लेकरं आन् बाळंतिणी सोडा. आन् देवी जाईस्तोवर वड्यापल्याड पाऊल टाकायचं न्हाई.”

आणि मी हो म्हणालो. नाथासमोर बेलभंडार उचलून शब्द दिला. मी मनाशी हिशेब असा केला की काहीच न मिळण्यापेक्षा अख्खं गाव टोचून होतंय, दहा-बारा तान्ही पोरं राहिली तर राहू देत, ती पुढच्या फेरीला. पलीकडचं काम अर्धं टाकलं, त्याचंही मनाला समजावलं की साहेब दुसरा माणूस धाडतील. दुसरा माणूस आठ दिवसांनी आला. तोवर पलीकडं आणखी घरांवर डहाळे लागले. मला आजही त्या हिशेबाची चीड येते. साथीत सगळ्यात आधी जी तान्ही मरतात, नेमकी तीच मी देऊन टाकली होती.

दोन दिवस मी शाळेत मुक्काम ठोकून टोचत होतो. त्याच दिवसांत तात्यांचा जावई ओढ्यापलीकडं येऊन उभा राहिला. मुलगा झाल्याचं त्याला निरोपानं कळवलेलं, पण दहा दिवसांचा विटाळ म्हणून तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. तात्या काट्यांपाशी गेले आणि त्याला म्हणाले, देवी गेल्यावर या. जावयाला असं शिवेवरून परत पाठवणं ही साधी गोष्ट नव्हे. तो गरीब स्वभावाचा, रामराम करून मागं फिरला. त्या दिवशी गावभर तात्यांचं नाव झालं, कायदा म्हणजे कायदा, घरच्यालाही सोडला नाही. खरं सांगतो, तेव्हा मलाही त्यांचा आदर वाटला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. मलाही बोलावणं आलं. ओसरीवर पाळणा बांधलेला, बायका पाळणा म्हणत होत्या, मला वाटीभर घुगऱ्या दिल्या. गोदा पहिल्यांदाच बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली होती, तोंडावर हळद, डोळे खोल गेलेले. तिच्या आईनं बाळाला पाळण्यात घातलं आणि डोक्यावर कुंची चढवली. जांभळा खण, मागं हिरवी पट्टी, उलटी शिवण.

माझ्या हातातली वाटी तिथंच राहिली. मी तात्यांना बाजूला घेतलं आणि ही कुंची आली कुठून ते विचारलं. पलीकडून, आत्यानं धाडली, असं ते कौतुकानं म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जावई अडवला, मला अडवलं, आणि हे कसं आत आलं? ते ज्या घरातून आलंय तिथं देवीच्या पोराच्या उशाशी होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, त्या खपल्यांची धूळ त्याच्या सुताशिवणीत आहे. तात्यांना माझा प्रश्नच कळेना. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लहान पोराला समजवावं तसे ते बोलले.

“मरीआईच्या पायाशी ठेवून मंग आमी उचललीया. देवीचं कदी बाटतं व्हय?”

हे त्यांचं चुकलं, आणि अशी चूक त्या दोन गावांतच होऊ शकत होती. काट्या माणसांसाठी टाकल्या होत्या. दगडापाशी ठेवलेली वस्तू पलीकडची उरतच नव्हती, ती देवीची झाली. दोन माणसं लाठ्या घेऊन बसली होती त्यांच्यासमोरून ती कुंची गेली, आणि त्यांनी लाठी खाली ठेवून तिला नमस्कार केला असणार.

मी हात जोडले. सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, आज टोचलं तर लस रोगाच्या आधी पोचू शकते, तीन दिवसांनी मग देवही काही करणार नाही. तात्यांनी खांद्यावर हात ठेवला. आज बारसं आहे, तान्ह्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही, आणि तुम्ही नाथासमोर शब्द दिलाय. एवढं बोलून ते पाहुण्यांकडं गेले.

मी थर्मास उचलून परसातून निघालो. मागच्या दारात गोदा उभी होती, बाळ पदराखाली. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. कुंची तिनं काढून टाकली होती. बाळाचा दंड उघडा करून तिनं माझ्यापुढं धरला, माझ्या अंगठ्याएवढा दंड.

“दादा, टोचा. मी कुणाला सांगायची न्हाई.”

थर्मासात बर्फ होता. चकती खिशात होती. दोन मिनिटांचं काम. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “गोदा, आधी तात्यांना विचारतो.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “त्यांना इचारायचं असतं तर मी हितं कशाला आले असते?” असं म्हणून तिनं दंड झाकला आणि आत गेली.

मला बेलभंडाराची भीती होती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मला भीती होती ती पाटलांशी बिघडण्याची. बिघडलं असतं तर पुढच्या वेळी त्या गावात मला पाऊल टाकू दिलं नसतं, साहेबांकडं तक्रार गेली असती, आणि माझं रजिस्टर अपुरं राहिलं असतं. नोकरी करणारा माणूस असाच भितो, आणि वर त्याला तारतम्य म्हणतो.

पंधरवड्यानं पौडला मला निरोप आला. मी गेलो तेव्हा काटेवाल्यांनी न विचारता काट्या बाजूला ओढल्या. बाळाच्या अंगावर फोड धरायलाही वेळ मिळाला नव्हता, नुसतं लाल होऊन सुजलं होतं. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, “आता टोचून काय व्हईल का?” मी नाही म्हणालो, नको तितक्या मोठ्यानं म्हणालो, शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं. त्या बापड्या म्हाताऱ्यावर मी तेव्हा ओरडलो, ज्या दिवशी ओरडायला हवं होतं त्या दिवशी मात्र घुगऱ्या खात होतो. बाळ चौथ्या दिवशी गेलं. बापानं त्याला पाहिलं ते ओढ्याच्या कडेला, पुरायला नेताना.

अलीकडच्या गावात दुसऱ्या कुणाला देवी झाल्या नाहीत. होणार कशा? सगळ्यांचे दंड मी टोचले होते, आणि उरलेली तान्ही पोरं त्यांच्या नशिबानं वाचली. पण गाव म्हणालं, काट्यांनी वाचवलं. पुढच्या वर्षी मी टोचायला गेलो तर मला सांगण्यात आलं की आता गरज नाही, आम्हाला शीव बांधता येते. आणि मग हळूहळू ती दुसरी गोष्ट तयार झाली, पाटलांनी नातू दिला म्हणून देवी मागं फिरली. परवाच्या, तोंडाला मास्क लावायच्या साथीत गावोगाव वाटांवर पुन्हा काट्या पडल्या, तेव्हा तीच गोष्ट झाडून पुसून बाहेर निघाली. एका लेकराला बिनकामाचं मारायचं आणि वर त्याचा नवस करून टाकायचा, याच्याइतका निर्लज्जपणा दुसरा नाही. आता ऐकणाऱ्यांना सांगतो, नवस नव्हता. लस होती आणि ती दिली नाही.

आमच्या खात्याचंही सांगून टाकतो, नाहीतर मी गावालाच शिव्या घातल्या असं होईल. माझ्या रजिस्टरात न टोचलेल्यांसाठी एकच रकाना होता, ‘गैरहजर’. बाळंतिणी आणि तान्ही पोरं मी त्या रकान्यात टाकली. ज्याच्या बारशाला मी गेलो, ज्याचा दंड माझ्या नाकासमोर धरला होता, तो माझ्या रजिस्टरात गैरहजर. साहेबांनी ते पान पाहून माझ्या कामाबद्दल समाधान व्यक्त करणारं पत्र धाडलं. ते पत्र माझ्या बायकोनं बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. ती गेल्यावर मी फाडलं.

दोन वर्षांनी, बाजारच्या दिवशी, पौडला आमच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. वडील मशीनवर होते, मी आत चकत्या उकळत होतो. गोदा होती. सासरहून एकटी चालत आली होती, पायांवर धूळ, कडेवर जेमतेम पंधरा दिवसांची मुलगी. बारसं कधी झालं, कुणाला सांगून आलीस, असं विचारायला माझं तोंड उघडलं होतं. तिनं बाळाच्या दंडावरचं फडकं बाजूला केलं आणि माझ्यापुढं धरलं.

“कुणाला इचारायचं असंल तर आधी सांगा,” ती म्हणाली, “मी माघारी जाते.”

मी कुणाला विचारलं नाही. लस थर्मासातून काढली आणि दोन जागी टोचलं. मुलगी रडली. थेंब वाळेपर्यंत मी तिचा हात धरून बसलो, गोदा भिंतीकडं पाहत उभी होती. वाळला तेव्हा तिनं फडकं पुन्हा गुंडाळलं आणि निघून गेली. आठव्या दिवशी फोड पाहायला मी तिच्या सासरी गेलो, तर तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, बाळ बाहेर आणून दाखवलं. दोन्ही फोड छान उठले होते.